ऑर्कटांचं कूळ आणि मूळ

१३ ऑक्टोबर १९९६

आज मला चर्चच्या ऑर्गनवरून उठवलं. शब्द अर्थातच गोड होते. प्रार्थना संपल्यावर नवे पाळक रेव्हरंड टाल्बट मला बाजूला घेऊन म्हणाले, "गेल, तुम्ही इतकी वर्षं सेवा केलीत. आता जरा विश्रांती घ्या."

"मी थकलेय असं कोण म्हणालं तुम्हाला?"

ते बुटांकडे बघायला लागले. मग हळूच सांगितलं, की गेले काही महिने सूर निसटतायत, पायपट्टीवर पाय भलतीकडे पडतो, गाणाऱ्यांची लय मोडते.

उन्हाळ्यात दुरुस्तीवाले येऊन गेल्यापासून पायपट्ट्याच बिघडल्यात, हे मी किती वेळा सांगितलं. ऐकतो कोण?

घरी आले आणि हातातून बशी गेली. वॉरन केरसुणी घेऊन आला. बायकोची नोकरी गेली तर नवऱ्यानं दोन शिव्या तरी द्याव्यात चर्चला. हा गुडघ्यावर बसून काचा वेचत राहिला. आता रोज काहीतरी लिहून काढायचं ठरवलंय, नाहीतर डोकं फुटेल माझं. हे पेनही भिकार आहे, अक्षर नुसतं पळतंय.

१९ ऑक्टोबर

प्रिसिला व्हिटलॉक आली होती. गावात काही ठरवायचं असलं की ते प्रिसिलाच ठरवते. पुढच्या जुलैत आमच्या गावाला, सॅबिन्स नेकला, साडेतीनशे वर्षं होतात. मैदानावर दगड उभारायचा आणि त्यावर पहिल्या घराण्यांची नावं कोरायची असं घाटतंय.

"ऑर्कटांचं नाव घालायचं आहे गं, पण पुरावा हवा. पहिला बार्थोलोम्यू ऑर्कट इंग्लंडातून कुठल्या गावातून आला हे कोणालाच ठाऊक नाही. त्याच्यापासून तुझ्यापर्यंतची माणसं जोडून दे. गावात माहेरची ऑर्कट अशी तूच राहिलीस. शिवाय आता मोकळीच आहेस."

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम म्हटलं. मीही मुद्दाम हो म्हटलं.

२७ ऑक्टोबर

डॉर्कस आत्याकडे वृद्धाश्रमात गेले होते. वडिलांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, बिनलग्नाची, पाठ अजून ताठ. कान गेलेत म्हणते, पण गावातली कुचकी बातमी बरोब्बर ऐकू येते.

"काय गं, हाकललं म्हणे तुला चर्चवाल्यांनी?"

मी विषय बदलला. आजोबांविषयी, त्यांच्या आईविषयी विचारलं.

"मेलेल्यांची हाडं उकरून सूप करणार आहेस का? तुझा आजा मासे पकडायचा आणि मेला. त्याची आई पाव भाजायची आणि मेली. लिही. संपलं कूळ."

"आत्या, दगडावर नाव येणार आहे आपलं."

"दगडावर सगळ्यांचंच येतं. नदीचं मूळ आणि माणसाचं कूळ खणू नये, गेल. हाती चिखल येतो."

बोलताना ती सारखी माझ्या हातांकडे बघत होती. मी म्हटलं, काय बघतेस? तर म्हणे, नखं कापत जा. निघताना मात्र तिनं माझं मनगट धरलं आणि सोडेचना.

"हेदरला काही मूलबाळ?"

"अजून नाही."

"बरं आहे," आत्या म्हणाली.

माझ्या मुलीला मूल नाही हे हिला बरं वाटतं! एकटं राहून राहून माणूस किती कडवट होतं.

९ नोव्हेंबर

दिवसभर जुन्या दफनभूमीत होते. ब्रशनं शेवाळ काढलं आणि दगडांवर तिरपा आरसा धरला की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. सात ऑर्कट सापडले. समुद्राकाठची माणसं फार जगत नसत हे खरंच. सेठ, त्रेचाळीस. त्याची बहीण थँकफुल, चव्वेचाळीस. दोघांचा बाप एबेनेझर, एकोणपन्नास. पण एबेनेझरचे दोन भाऊ मात्र नव्वदीला टेकले होते. नशीब एकेकाचं.

थँकफुलच्या दगडावर सन १७४१ आहे. खाली कोरलंय: 'अखेर देवाने हिच्या हातापायांना स्वस्थता दिली.' मी किती वेळ तिथे बसले होते. फार राबली असणार बिचारी.

निघताना सपाट गवतावर तोंडावर आपटले. ओठ फुटला. नवे बूट घ्यायला हवेत.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

हेदर आणि तिचा नवरा कीथ हार्टफर्डहून आले. सणाचा बट्ट्याबोळ झाला आणि तो मीच केला, असं सगळ्यांचं मत दिसतं.

टर्की ओव्हनमधून मी काढणार होते. वॉरन मध्ये आला, "दे, मी घेतो." मी म्हटलं, घरात एवढं एक काम तरी माझं राहू द्या. तो ताटाची कड सोडेना. मग काय झालं मला आठवत नाही, पण क्रॅनबेरीच्या चटणीचा वाडगा भिंतीवर होता आणि मी किंचाळत होते. कीथ पोरका झाल्यासारखा उभा होता.

नंतर हेदर आणि वॉरन भांडी घासताना कुजबुजत होते. मी आत गेल्यावर गप्प झाले.

"काय चाललंय?"

"काही नाही, आई," हेदर म्हणाली. तिचे डोळे लाल होते. पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात, त्याची काही योजना असेल. माझ्यापासून काही लपवायचं तर यांना नीट लपवताही येत नाही.

१२ डिसेंबर

घराण्यात चेटकीण निघाली! प्रिसिलाच्या तोंडाला पाणी सुटेल.

बार्थोलोम्यूची मुलगी कम्फर्ट. चर्चच्या जुन्या इतिवृत्तात आहे, की ती प्रार्थनेत देवाची टवाळी करते, चाळे करते, तोंडं वेडावते, दारू प्यायल्यासारखी झुलते. शेजारणीनं शपथेवर सांगितलं की सैतान तिला नाचवतो. फाशी दिली नाही, गावाबाहेर काढलं. हिवाळा होता. पुढे तिची कुठेच नोंद नाही.

संध्याकाळी वॉरनला मी हे खुशीत वाचून दाखवलं. तो मला म्हणाला, "गेल, तुझ्या वडिलांना काय झालं होतं गं नक्की?"

"दारू. धक्क्यावरून पडले. तुला ठाऊक आहे."

"त्यांना पिताना पाहिलं होतंस तू?"

मी सहा वर्षांची होते. काय हा प्रश्न!

२५ डिसेंबर

हेदरला दिवस गेलेत! जुलैत बाळ येणार. जेवताना तिनं सांगितलं, मी उठून तिला मिठी मारली, कीथलाही मारली, खुर्ची उलटली. वॉरन मात्र ग्लास हातात धरून तसाच बसला. चेहरा पांढरा. मी म्हटलं, "अरे, आजोबा होणार तू! म्हातारा झालास म्हणून घाबरलास काय?" तेव्हा कुठे तो हसला. ते हसू मला आवडलं नाही.

बाळासाठी का होईना, हे कूळ पुरं करायचं. त्याला कळू दे आपण कोण.

१४ जानेवारी १९९७

वॉरनचं बाहेर कोणीतरी आहे.

लिहिलं एकदाचं. तो गॅरेजमधून हळू आवाजात फोन करतो. काल ऐकलं: "जॅनेट, तिला अजून काही सांगितलेलं नाही... मला धीर होत नाही." मी आत गेले तर फोन ठेवून रंधा शोधायला लागला.

त्यात गाडीची किल्ली हरवलीय म्हणतो. हरवलेली नाही, त्यानं लपवलीय. मागच्या आठवड्यात पोलिसानं मला पांढऱ्या रेषेवरून चालायला लावलं, फुंकायला लावलं. नळी स्वच्छ निघाली तरी माझ्याकडे संशयानं बघतच राहिला. तेव्हापासून वॉरनला निमित्त मिळालंय. बायको घरात अडकलेली बरी, नाही का?

तीस वर्षांनी. आणि नाव काय, तर जॅनेट.

२ फेब्रुवारी

सापडलं. एसेक्समधलं लिटल मार्डन. तिथल्या पाळकांनी जुन्या नोंदी बघून कळवलं: बार्थोलोम्यू, मेरी ऑर्कट हिचा मुलगा, १६१२ सालचा बाप्तिस्मा. मेरीला गावात 'नाचरी मेरी' म्हणत, असंही त्यांनी गमतीनं लिहिलंय. आनंदी बाई असावी. साडेतीनशे वर्षांत कोणाला न सापडलेलं मला सापडलं. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणखी एक. वंशावळीच्या मासिकात मी चौकशी छापली होती, तिला ऱ्होड आयलंडहून उत्तर आलंय. व्हर्ना ऑर्कट नावाची बाई. तिचा नवरा एव्हरेट हा एबेनेझरच्या धाकट्या मुलाच्या शाखेतला. 'याल तर फार बरं होईल,' असं लिहिलंय. 'नवऱ्याला घेऊन या,' याखाली रेघ.

१५ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

व्हर्ना साठीची, दणकट, बाह्या वर केलेली. दारातच तिनं मला नखशिखान्त पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. आत एव्हरेट खुर्चीत होता. खुर्चीला चारी बाजूंनी उशा बांधलेल्या. त्याचे हात हवेत काहीतरी चाचपत होते, खांदे उडत होते, मान वळत होती, तोंड एकदा इकडे एकदा तिकडे ओढलं जात होतं. जणू त्याच्या अंगात शिरून दुसराच कोणी कपडे बदलतोय.

माझे वडील धक्क्यावरून असेच चालायचे. गावातली पोरं मागून नक्कल करायची. इतक्या वर्षांत मला हे कधी आठवलं नव्हतं. एव्हरेटनं मान टाकली आणि वडील दिसले.

व्हर्नानं चहा ओतला. वॉरनचा कप भरला, माझा अर्धाच भरला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

ती वॉरनकडे वळली. तो गालिच्याकडे बघत होता.

"अहो, यांना सांगितलं नाहीत तुम्ही?"

"काय सांगायचंय मला?" मी म्हटलं. माझा कप बशीवर वाजत होता. मी तो खाली ठेवला, तरी माझी बोटं चालूच होती, मांडीवर, एकेक, पियानो वाजवल्यासारखी. मी ती पाहिली. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच पाहिली.

व्हर्ना माझ्याजवळ येऊन बसली. तिनं नाव सांगितलं. हंटिंग्टनचा आजार. रक्तातून येतो, चाळिशी-पन्नाशीत उठतो, आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग डोकं. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला नाणं उडवल्यासारखं, छापा नाही तर काटा. ज्याला आला नाही त्याच्या पुढच्यांना भीती नाही. यावर औषध नाही.

"एव्हरेटच्या बापाला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं होतं. कोणी सांगितलंच नाही आम्हाला. मला तीन मुलं आहेत, गेल."

एव्हरेट काहीतरी म्हणत होता. व्हर्नानं कान नेला.

"ते विचारतायत, ऑर्कट का?"

"हो," मी म्हटलं.

तो हसला. तेवढं हसू अगदी सरळ होतं. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "ये... घरचीच... आहेस."

गाडीत वॉरन म्हणाला, "जॅनेट न्यू हेवनच्या दवाखान्यात नर्स आहे, गेल."

मी काच खाली केली आणि सगळा रस्ता तोंड बाहेर ठेवून बसले.

१७ फेब्रुवारी

ती बाई डॉक्टर आहे का? नाही. बोटं तर थंडीनंही हलतात.

२२ फेब्रुवारी

वॉरनला वृद्धाश्रमाच्या बाहेर थांबवलं. आत्या खिडकीशी बसली होती. मी कोटही काढला नाही.

"तुला ठाऊक होतं."

तिनं ऐकू न आल्याचं सोंग केलं नाही. "होतं."

"वडील दारू प्यायचे नाहीत."

"लायमननं थेंब घेतला नाही कधी. तुझ्या आईला दारुडा नवरा परवडला. वेडा परवडला नसता."

मग ती बोलत गेली. त्यांच्या बापाचं शेवटचं तिनं केलं होतं. भरवायचं, बांधायचं, मार खायचा. तो गेल्यावर या दोघा भावंडांनी शपथ घेतली, लग्न करायचं नाही. आपल्यापाशी संपवायचं. तिनं एका भल्या माणसाला परत पाठवलं. भावानं शपथ मोडली.

"तुझी आई आली पिवळी टोपी घालून, आणि विरघळला गाढव. तू झालीस तेव्हा वर्षभर बोलले नाही मी त्याच्याशी."

"म्हणजे मी नको होते तुला."

"नव्हतीस." तिनं डोळ्याला डोळा दिला. "आणि तो पडला नाही, गेल. मी जाळ्यांच्या खोपटाच्या दारात उभी होते. तो धक्क्याच्या टोकाला गेला आणि वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून माझं ऐकायचा तो. एक हाक मारली असती तर परत आला असता."

"मग?"

"मारली नाही. बापाचं बघितलेलं होतं ना मी. पुन्हा बघायची ताकद नव्हती, का त्याची सुटका होऊ द्यायची होती? पंचेचाळीस वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही."

बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत गेलं. आत्यानं हात पुढे केला, मी दिला नाही.

"पुढे तू माझ्या मांडीवर झोपायला लागलीस," ती म्हणाली. "तेव्हापासून तुझे हात बघतेय मी. प्रत्येक वेळी. गेल्या ऑक्टोबरपर्यंत चांगले होते."

मला तिची कीव यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, "हेदरला जुलैत मूल होणार आहे," आणि तिचा चेहरा कसा होतो ते बघून बाहेर पडले.

१९ मार्च

न्यू हेवनला रक्त दिलं होतं. आज बोलावलं. डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हाच कळलं.

आहे.

२९ मार्च

हेदरला सांगायला आम्ही हार्टफर्डला गेलो. कीथ मुद्दाम बाहेर गेला होता, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"बाबा जानेवारीत बोलले माझ्याशी," हेदर म्हणाली. पोट आता चांगलं दिसतं. त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"सगळ्यांना ठाऊक. ज्याची वरात त्यालाच पत्ता नाही!"

"आई, तुला काही म्हटलं की तू भांडी फेकत होतीस."

हे खरं आहे. मग चाचणीचं काढलं. दवाखान्याचा नंबर मी लिहून नेला होता.

"मी नाही करणार चाचणी."

"म्हणजे काय? तुला कळायला नको?"

"नको. कळून करू काय? औषध आहे का? हे बाळ तर येतंय. मला रोज सकाळी उठून याला वाढवायचंय, आई. माझ्या मरणाकडे बघत नाही वाढवता येणार."

"अगं, हा तुझ्या एकटीचा प्रश्न आहे का? मांजरीसारखे डोळे मिटून दूध पिणार आहेस? माझ्या बापानं हेच केलं. त्याच्या बापानं हेच केलं. साडेतीनशे वर्षं सगळ्यांनी डोळेच मिटलेत!"

वॉरन म्हणाला, "गेल, पुरे."

हेदर रडली नाही. ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुला आधी ठाऊक असतं तर तू मला जन्म दिला नसतास. हो ना?"

मी उत्तर दिलं, पण उशीर केला. काय उत्तर दिलं याला मग काही किंमत राहिली नाही. ती उठून आत गेली आणि दाराला कडी लावल्याचा आवाज आला.

६ एप्रिल

दुपारी धक्क्यावर गेले. का गेले ते लिहीत नाही. काही ठरवलेलं नव्हतं एवढं खरं.

भरती होती, वारा नव्हता. टोकाला उभं राहिल्यावर पाणी दिसायला अगदी मऊ दिसतं. मी एव्हरेटच्या उशांचा विचार करत होते, आणि त्या बंद दाराचा. आता गेले तर हेदरला माझं काहीच बघावं लागणार नाही, असं मनात आलं. वडिलांच्या मनात हेच आलं असेल. त्यांना वाटलं असेल, पोरीवर उपकार करतोय. मी वळून पाहिलं, खोपटाच्या दारात कोणीच नव्हतं.

"गेल!"

रस्त्याच्या कडेला आमचा ट्रक उभा होता. वॉरन दार उघडं टाकून धक्क्यावरून येत होता. त्याचा गुडघा दुखतो, तरी जवळजवळ पळत होता.

"गेल! ए गेल! इकडे ये!"

गावभर ऐकू जाईल असा ओरडत होता. कोळी बघायला लागले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी चार पावलं मागे आले. मग त्यानं मला धरलं.

ट्रकमध्ये बसल्यावर कळलं, फेब्रुवारीपासून तो माझ्या मागे असतो. मी दुकानात, तो समोर. मी दफनभूमीत, तो फाटकाशी.

"तुला हिंडायचं तर हिंड," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. पण मागे असेन, आणि हाक मारणार. मला डॉर्कससारखं गप्प उभं राहता येणार नाही. नंतर तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

मग स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. तीस वर्षांत मी याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि याच माणसावर मी संशय घेतला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात हलत राहिला. राहू दे म्हटलं.

उद्या तो न्यू हेवनच्या डॉक्टरांना फोन करणार आहे, माझ्या मनात काय येतं ते सांगायला. मी हो म्हटलंय.

११ मे

प्रिसिलाला सगळं कूळ दिलं आणि आजाराचंही सांगितलं. ती बराच वेळ खडीसाखर चघळावी तशी जीभ फिरवत बसली. मग म्हणाली, "कम्फर्टचं नको घालूया का गं समारंभाच्या पत्रकात? उगीच लोकांना..."

"घाल," मी म्हटलं. "ती चेटकीण नव्हती, आजारी होती. थंडीत बाहेर काढली तिला याच गावानं."

प्रिसिला म्हणाली, समितीला विचारते.

शोधताना जे जिवंत ऑर्कट सापडले त्यांना मी एकेक करून फोन लावतेय. व्हर्नाशी आधी बोलून घेतलं, कसं सांगायचं ते. न्यू जर्सीतल्या एकानं फोन आपटला. मेनमधल्या बाईनं येशूचं नाव घेऊन मला शाप दिला. पण ओहायोतला एक म्हातारा म्हणाला, "आई आमच्या अंगावर धावून यायची. आम्हा पोरांना वाटायचं आमचंच काही चुकतंय. बाई, तुम्ही आधी का नाही फोन केलात?"

यातलं कोणाचं मी भलं केलं आणि कोणाचं वाटोळं, मला कळत नाही.

हेदरचा फोन नाही.

१ जून

आत्या गेली. झोपेत, हात उशाखाली ठेवून, अगदी स्वस्थ. मी महिनाभर तिच्याकडे गेले नव्हते. शेवटच्या खेपेला तिनं विचारलं होतं, "पोरगी बोलते का तुझ्याशी?" मी नाही म्हटलं. "मग तू जा. वर्षभर थांबू नकोस. मी थांबले होते." एवढंच.

दफनाला हेदर आली. आठ महिन्यांचं पोट घेऊन उन्हात उभी राहिली. सगळे गेल्यावर मी तिच्यापाशी गेले.

"तू विचारलं होतंस ते," मी म्हटलं. जीभ हल्ली जड होते, सावकाश बोलावं लागतं. "ठाऊक असतं तर मी घाबरले असते. कदाचित मूल होऊही दिलं नसतं. खोटं नाही सांगत. पण तू समोर आहेस, आणि मला दुसरं कोणतंही आयुष्य नकोय."

ती म्हणाली, "मी चाचणी करणार नाहीये."

"कळलं मला."

"मग पुन्हा काढू नकोस."

"नाही काढणार."

गाडीपर्यंत तिनं माझा दंड धरला. मला आधार द्यायला की स्वतःला घ्यायला, सांगता येणार नाही.

८ जुलै

परवा मैदानावर दगड उघडा केला. बँड वगैरे झाला म्हणतात. आम्ही नव्हतो, आम्ही हार्टफर्डच्या इस्पितळात होतो.

मुलगी झाली. सुखरूप.

कीथची आई होती, तिची बहीण होती, वॉरन, मी. बाळ हातोहात फिरलं. असं बाळ आलं की लोक कसे तुटून पडतात, नाक कोणाचं, हनुवटी कोणाची, कान तर अगदी आजोबांचे. कोणी काहीच म्हणालं नाही. वजन किती, केस किती दाट, एवढंच. कीथची आई तर दोनदा बोलायला गेली आणि खोकली. मीही बोलले नाही. मला दिसायचं ते दिसलं होतं.

माझ्याकडे बाळ द्यायची वेळ आली तेव्हा सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, मी इथूनच बघते.

तेवढ्यात नर्स आली, जाडजूड, हसरी बाई. तिनं पाळण्यात डोकावलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"अगबाई! ही तर हुबेहूब आजीवर गेलीय हो!"

वॉरन खिडकीकडे वळला. नर्सला कळेना आपलं काय चुकलं.

"हो," हेदर म्हणाली. "आईवरच गेलीय." तिनं उशी ओढून माझ्या मांडीवर ठेवली, दुसरी माझ्या कोपराखाली सरकवली, आणि बाळ उचलून माझ्याकडे दिलं. "नीट धर."